माप वस्तूत असते की मोजणाऱ्यात?

लांबी, वस्तुमान, आकारमान, घनता, काळ आणि तापमान या वस्तूंविषयी सांगता येणाऱ्या नेहमीच्या भौतिक राशी आहेत. यांपैकी कोणतीही राशी मोजायची म्हणजे तिची त्याच जातीच्या एका ठरीव राशीशी तुलना करायची. त्या ठरीव राशीला एकक म्हणतात आणि तुलनेतून संख्या निघते. ‘दोन किलो सुरमई’ असे म्हटले की मासा समुद्राने दिलेला असतो, किलो माणसांनी ठरवलेला असतो. पण ‘दोन’ ही संख्या कुठे राहते? माशात, किलोत, की तोलणाऱ्याच्या बुद्धीत? मोजमापाच्या शास्त्राच्या तळाशी असलेला हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. खोट्या मापाला पाप मानणाऱ्या धर्मांनाही तो तितकाच जवळचा आहे.

या प्रश्नाचा विचार करायला कोवलम ही योग्य जागा आहे. चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, मामल्लपुरमच्या वाटेवर हे मासेमारीचे गाव आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कोव्हलाँग असे येते. अठराव्या शतकात ऑस्टेंड या युरोपीय व्यापारी कंपनीची वखार येथे होती आणि येथला किल्ला १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने जिंकला. येथे कार्मेल मातेचे चर्च आहे, तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे आणि किनाऱ्यावर मासळीचा बाजार आहे. गावापासून वायव्येला पंधराएक किलोमीटरवर पेरुंबाक्कम आहे. भारताच्या शास्त्रशुद्ध भूमापनाची पहिली पायारेषा याच परिसरात आखली गेली.

संख्या आणि अपेक्षाबुद्धी

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार वैशेषिकांनी केला. त्यांच्या पदार्थविचारात संख्या, परिमाण आणि गुरुत्व हे गुण आहेत, आणि गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. वस्तूचा मोठेपणा किंवा जडपणा पाहणाऱ्याने तिच्यावर लादलेला नसतो. तो तिच्यात असतो. परिमाणाचे त्यांनी अणू, महत्, दीर्घ आणि ऱ्हस्व असे चार प्रकार केले. आवळा बेलफळापेक्षा लहान आणि बोरापेक्षा मोठा असतो. मग एकाच आवळ्यात लहानपणा आणि मोठेपणा दोन्ही कसे राहतील? वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या मते डोळ्यांना दिसणाऱ्या या तिन्ही फळांत खरे परिमाण महत् हेच आहे. त्यांतल्या एकाला ‘लहान’ म्हणणे हा तुलनेतून आलेला गौण व्यवहार आहे.

संख्येबाबत मात्र वैशेषिकांनी वेगळी वाट धरली. एकत्व वस्तूत असते, हे त्यांनी मान्य केले. दोन आणि त्यापुढच्या संख्या मात्र अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात, असे ते म्हणाले. ‘हा एक, हा एक’ अशा जाणिवेने मोजणारा वस्तूंना एकत्र धरतो तेव्हा त्यांच्या ठायी द्वित्व निर्माण होते. ती जाणीव सरली की द्वित्वही सरते. होडीतून उतरलेली मासळी पाटीत पडलेली असते. कोणी तिच्यातले बांगडे मोजील, कोणी पाट्या मोजील, कोणी किलो मोजील. ढीग एकच, संख्या तीन. प्रत्येक संख्या खरी आहे, पण कशाला ‘एक’ म्हणायचे हे मोजणाऱ्याने आधी ठरवले आहे. एककाचे सगळे तत्त्वज्ञान या एका विचारात बीजरूपाने आले आहे.

लांबी: हात, काठी आणि साखळी

लांबी मोजण्याची सर्वांत जुनी एकके शरीरातून आली. खोली मोजणारा कोळी दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडतो आणि दोरी वर घेताना दोन्ही हात पसरून वाव मोजतो. कोकणात ही रीत आहे, तशी कोरोमंडलच्या किनाऱ्यावरही आहे. एकट्याच्या कामाला हे माप पुरते, कारण दोरी सोडणारा आणि मोजणारा एकच असतो. व्यवहारात दुसरा माणूस आला की ‘हात कोणाचा?’ हा प्रश्न उभा राहतो. शिवकाळात जमीनमोजणीसाठी पाच हात आणि पाच मुठींची काठी ठरवण्यात आली. २० काठ्या औरसचौरस जागेचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर धरला गेला. काठी ठरली तेव्हा शेतकऱ्याचा किंवा कारकुनाचा हात बाजूला पडला आणि माप सर्वांच्या मालकीचे झाले.

भूमापक विल्यम लँब्टनने १८०२ च्या एप्रिल-मेमध्ये सेंट थॉमस माउंटपासून पेरुंबाक्कमच्या टेकडीकडे जाणारी सुमारे साडेसात मैलांची ती पायारेषा मोजली. त्याच्याकडे १०० फुटांची पोलादी साखळी होती. अडीच-अडीच फुटांचे ४० गज जोडून ती बनवलेली होती. तिवयांवर लाकडी पन्हळी मांडून तिच्यात साखळी ताणून ठेवत आणि शेजारी तापमापक ठेवत. साखळी अशी ४०० वेळा मांडली गेली. तापमापकाचे कारण साधे आहे. पोलाद उष्णतेने वाढते. १०० फुटांची साखळी एका अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने लांबते. साडेसात मैलांच्या रेषेत एवढ्यानेच सुमारे १४ सेंटिमीटरचा फरक पडतो. मद्रासच्या उन्हाळ्यात सकाळी आणि दुपारी साखळीची लांबी एक नसते. म्हणून लँब्टनने प्रत्येक माप एका ठरावीक तापमानावर आणून दुरुस्त केले.

यातून एक तात्त्विक अडचण पुढे येते. जमीन मोजायची साखळीने. पण साखळी स्वतः बदलते. तिचा बदल ओळखायचा तापमापकाने. पण तापमापकातला पाराही प्रसरण पावूनच तापमान सांगतो. एका मापाची खात्री दुसऱ्याकडून आणि दुसऱ्याची तिसऱ्याकडून घ्यावी लागते. वरवर हा अनवस्था दोष वाटतो. तरीही शास्त्र अडत नाही, कारण ही मापे एका ओळीत टांगलेली नसून परस्परांना तपासत असतात. रेषेवर उभारलेल्या त्रिकोणांची साखळी दूरवर नेऊन तेथे नवी पायारेषा प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेली लांबी तिच्याशी ताडून पाहायची, ही लँब्टनची रीत होती. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे जुळली तर त्या जुळण्याला मोजणाऱ्याच्या बाहेरचे काही कारण असले पाहिजे. माप निव्वळ कल्पना नाही, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. लँब्टनने हे काम दोन दशके चालवले आणि नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही त्रिकोणमाला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

वस्तुमान आणि वजन

वैशेषिकांनी गुरुत्वाची व्याख्या पतनाच्या आधारे केली: वस्तूच्या पहिल्या पडण्याचे कारण ते गुरुत्व. प्रशस्तपादांच्या मते ते इंद्रियांना दिसत नाही. वस्तू पडते यावरून त्याचे अनुमान करायचे. ते पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत असते, असेही त्यांनी मानले. हा दुसरा भाग मोजमापाने खोडला गेला. हवेलाही वजन आहे. समुद्रकाठच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो भरते. पहिला भाग अधिक खोल आहे. जडपणा दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो, ही समजूत आजही खरी आहे.

प्रश्न असा की हा जडपणा एकट्या वस्तूचा आहे का? न्यूटनने १६८७ मध्ये दाखवले की वजन हे वस्तू आणि पृथ्वी यांच्यातले परस्पर आकर्षण आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून हे आकर्षण सर्वत्र सारखे जाणवत नाही. कोवलमच्या अक्षांशावर गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तर लंडनमध्ये ९.८१२. लंडनमध्ये जुळवलेला ताणकाटा कोवलमच्या बाजारात आणून त्यावर बरोबर एक किलोची सुरमई टांगली तर काटा ९९७ ग्रॅमच दाखवील. मासा तोच आणि काटाही निर्दोष, तरी तीन ग्रॅम गेले. उलट दोन पारड्यांच्या तराजूत एका पारड्यात तीच सुरमई आणि दुसऱ्यात एक किलोचे वजन ठेवले तर कोवलममध्ये, लंडनमध्ये आणि चंद्रावरही दांडी समतोलच राहील. आकर्षण कमी झाले तर दोन्ही पारड्यांवर सारखेच कमी होते.

ताणकाटा वस्तूचे पृथ्वीशी असलेले नाते मोजतो. तराजू त्या नात्याआड असलेला वस्तूचा स्वतःचा वाटा, म्हणजे वस्तुमान, मोजतो. ‘वजन वस्तूत असते का?’ या जुन्या प्रश्नात दोन राशी मिसळलेल्या होत्या. चांगल्या मोजमापाने त्या वेगळ्या केल्या. एवढा भेद केवळ तर्काने हाती लागला नसता.

वस्तुमानाच्या एककाचा इतिहासही बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात मद्रासचा मण २५ पौंडांचा आणि मुंबईचा २८ पौंडांचा होता. दोन्हीकडे २० मणांची खंडी, पण मद्रासची ५०० पौंडांची आणि मुंबईची ५६० पौंडांची. माल एकच आणि नावही एकच, तरी सुमारे २७ किलोंचा फरक. ब्रिटिश भारतातला हा गोंधळ स्वतंत्र भारताने १९५६ च्या वजने व मापे कायद्याने मिटवला आणि दशमान पद्धत देशभर लागू केली.

त्या पद्धतीचा किलोसुद्धा १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावर टेकलेला होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. शतकभरानंतर मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. मग बदलले कोण? व्याख्येप्रमाणे मूळ दंडगोल बदलूच शकत नव्हता, कारण त्याचे वस्तुमान म्हणजेच एक किलो. त्याचा कण झिजला असता तर विश्वातल्या इतर सर्व वस्तू त्याच प्रमाणात जड झाल्या, असे म्हणावे लागले असते. पॅरिसच्या प्रमाणित मीटरपट्टीविषयी तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनने हीच गोष्ट निदर्शनास आणली होती: जिने मोजायचे त्या पट्टीविषयी ती एक मीटर आहे किंवा नाही, यांतले काहीच अर्थपूर्णपणे म्हणता येत नाही. २० मे २०१९ पासून किलो त्या दंडगोलावरून काढून प्लँकच्या स्थिरांकाशी जोडला गेला. मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगाशी बांधलेला आहे. प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो तो मीटर. स्थिरांक निसर्गाचा आहे, पण हाच आकडा निवडला तो जुना मीटर आणि जुना किलो न मोडता व्यवहार पुढे चालावा म्हणून. एककातला मानवी संकेत येथेही उरतोच.

आकारमान, घनता आणि खारेपणा

काही राशी वस्तू विभागली की विभागल्या जातात, काही तशाच राहतात. कोवलमच्या किनाऱ्यावर दहा लिटर समुद्राचे पाणी भरले तर त्याचे वस्तुमान सुमारे सव्वादहा किलो भरेल. बादली अर्धी ओतली की आकारमान आणि वस्तुमान निम्मे होते. घनता, खारेपणा आणि तापमान मात्र बदलत नाहीत. समुद्राच्या पाण्यात सरासरीने दर किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांच्या पाण्यामुळे ते प्रमाण कमी होते आणि कोवलमजवळच्या मुट्टुकाडूच्या खाडीत पावसाप्रमाणे आणि तोंडावरच्या वाळूच्या बांधाप्रमाणे चढते-उतरते.

पहिल्या प्रकारची राशी ‘किती आहे’ ते सांगते, दुसऱ्या प्रकारची ‘कसे आहे’ ते सांगते. दुसरी राशी बहुधा पहिल्या प्रकारच्या दोन राशींच्या भागाकारातून येते. घनता ही वस्तुमान आणि आकारमान यांचे गुणोत्तर आहे, तर खारेपणा हे क्षाराच्या आणि पाण्याच्या वस्तुमानांचे गुणोत्तर आहे. खारेपणात दोन्ही बाजूंना वस्तुमानच असल्याने एकक गळून पडते. ग्रॅमात मोजा, तोळ्यात मोजा किंवा मद्रासच्या मणात मोजा, हजारात पस्तीस हे प्रमाण कायम राहते. मोजणाऱ्याने आणलेले सगळे वजा केल्यावरही जे शिल्लक राहते ते हे. कोवलमच्या दक्षिणेला नेम्मेली येथे २०१३ पासून समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प चालतो. त्यासाठी पाण्यावर किती दाब द्यावा लागेल, हे त्या पाण्याच्या खारेपणावर अवलंबून असते, आणि ते माणसांच्या ठरावाने बदलत नाही.

काळ आणि समुद्रसपाटी

काळ साठवून ठेवता येत नाही आणि दोन क्षण शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. म्हणून पुनःपुन्हा घडणाऱ्या घटनेवर भरवसा ठेवावा लागतो. लंबकाचा झोका अशी घटना आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅमने १८२१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत सेकंद लंबकाची, म्हणजे एका सेकंदात एक झोका घेणाऱ्या लंबकाची, लांबी मोजली. ती या अक्षांशावर सुमारे ९९१ मिलिमीटर भरते, लंडनमध्ये ९९४. लंडनचे लंबकाचे घड्याळ तसेच कोवलमला आणले तर दिवसाकाठी दोन मिनिटांहून थोडे अधिक मागे पडेल. लांबीचे एकक लंबकावरून ठरवण्याची सूचना फ्रान्समध्ये १७९० च्या सुमारास पुढे आली होती. पृथ्वीच्या रेखावृत्ताचा आधार घेऊन ती बाजूला ठेवण्यात आली. स्थळानुसार बदलणारे एकक साऱ्या जगाचे होणे अवघड होते. आज सेकंद सीझियमच्या अणूतून निघणाऱ्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर ठरतो.

सेकंद निसर्गातून घेतला तरी घड्याळात किती वाजले, हे समाजच ठरवतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. मुंबईने तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली; ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. सूर्य दोन्ही पद्धतींत तेव्हाच उगवत होता. कालावधी ही राशी आहे, वेळ हा करार आहे.

उंचीच्या मोजमापात हे दोन्ही धागे एकत्र येतात. रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही सपाटी कोवलमच्या किनाऱ्यावर उभे राहून दाखवता येत नाही. भरती-ओहोटीने आणि लाटांनी पाणी सतत वरखाली होत असते. मुंबई, कारवार, नागपट्टणम आणि चेन्नई यांसह नऊ बंदरांतील दीर्घकाळच्या नोंदींची सरासरी काढून भारताची सरासरी समुद्रसपाटी १९०९ मध्ये निश्चित झाली. सरासरी ही समुद्रात कुठे सापडणारी वस्तू नाही. तरीही तिच्यावरून काढलेला उतार खरा असतो आणि कालव्याचे पाणी त्याच उताराने वाहते. बुद्धीने घडवलेली गोष्ट जगाविषयी खरे बोलू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मापाचा धर्म

ब्रिजमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडले की कोणतीही राशी म्हणजे ती मोजण्याच्या कृतींचा संच. त्या कृतींपलीकडे तिला अर्थ नाही. हे मत खरे असते तर ताणकाट्याचे, तराजूचे आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचे ‘वजन’ या तीन असंबद्ध गोष्टी ठरल्या असत्या आणि त्यांचे एकमत हा योगायोग ठरला असता. उलट टोकाला, संख्या जशीच्या तशी वस्तूत कोरलेली आहे असे मानले तर एकाच मालाच्या मद्रासच्या आणि मुंबईच्या खंडीत वेगवेगळे आकडे का येतात, हे सांगता येत नाही. दोन्ही टोके सोडली की हाती येते ते असे: राशी जगातली, एकक माणसांचे, आणि एकदा एकक ठरले की संख्या कोणाच्या इच्छेवर राहत नाही.

धर्मांचा संबंध येतो तो या शेवटच्या ठिकाणी. एकक हा करार असल्यामुळे त्यात फसवणूक शक्य होते. समुद्र कमी तोलत नाही. कमी तोलतो तो माणूस. कौटिल्याने वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल प्रदेशांतल्या दगडाची असावीत, अथवा पाण्याने वाढत नाहीत आणि उष्णतेने घटत नाहीत अशा पदार्थांची असावीत, असा नियम घातला. मनुस्मृतीने वजनमापांची दर सहा महिन्यांनी तपासणी हे राजाचे कर्तव्य मानले. कुराणाची ८३ वी सुरा मापात मारणाऱ्यांच्याच नावाने ओळखली जाते. बायबलच्या जुन्या करारात खोटा तराजू देवाला अप्रिय ठरवला आहे. तिरुक्कुरळ या तमिळ नीतिग्रंथात तटस्थपणासाठी आदर्श म्हणून तराजूचीच दांडी पुढे केली आहे. एवढ्या वेगळ्या परंपरा ज्या एका वस्तूविषयी इतक्या एकमताने बोलतात ती मूर्ती नाही की ग्रंथ नाही. ती बाजारातली तागडी आहे.

या एकमताचे कारण मोजमापाच्या स्वरूपातच आहे. ‘हा मासा दोन किलो आहे’ हे विधान अनोळखी माणसालाही, वेगळी भाषा बोलणाऱ्यालाही, वेगळ्या देवाला भजणाऱ्यालाही तपासून पाहता येते. सत्य सर्वांना समान असते हा विचार माणसाच्या रोजच्या जगण्यात सर्वांत आधी मापाच्या रूपाने उतरला. म्हणून खोटे माप ही केवळ चार पैशांची चोरी नसते. एकमेकांशी सत्य वाटून घेण्याचे साधनच त्याने भ्रष्ट होते.

२००९ च्या वैधमापन कायद्याने ही जबाबदारी आज राज्यावर आणि विक्रेत्यावर टाकली आहे. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरतपासणी करून त्यावर मुद्रा उठवून घ्यावी लागते. ती मुद्रा पाहण्याचा, वजन आपल्यासमोर करवून घेण्याचा आणि शंका आल्यास वैधमापन खात्याकडे जाण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. तो अधिकार प्रत्येकाने वापरावा. मापाची शुद्धता राखणे हे विक्रेत्याइतकेच घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे.